भिंतीची उंची मी सांगितली

कार्डं शंभर छापली होती. सदर भागातल्या एका छापखान्यातून, जाड कागदावर, निळ्या शाईत. वर माझं पूर्ण नाव, खाली ‘प्लॉट-जमीन सल्लागार’. सल्लागार हा शब्द छापखानेवाल्यानं सुचवला. मी म्हटलं, दलाल लिहा. तो म्हणाला, दलाल लिहिलं तर लोक कार्ड घेत नाहीत. मला पटलं. तेव्हा मला काहीही पटायचं.

तो गठ्ठा मी बापूसाहेबांच्या टेबलावर ठेवला, पोरानं बापापुढं प्रगतिपुस्तक ठेवावं तसा. बापूसाहेब म्हणजे लेआउटचे मालक. शेत विकत घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, मधून रस्ते आखायचे आणि एकेक तुकडा घरासाठी विकायचा, हा त्यांचा धंदा. त्यांनी वरचं कार्ड उचललं. कपाळावरचा चष्मा खाली आणला. वाचलं. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या आडनावावर एक रेघ मारली. रागानं नाही. मास्तरनं शुद्धलेखन तपासावं तशी.

"एवढं राहू द्या," ते म्हणाले. "नाव आणि वडिलांचं नाव पुरे. गिऱ्हाईक आडनाव वाचूनच जिना उतरतं हो. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

आणि पेन माझ्यापुढं धरलं.

उरलेली नव्याण्णव मी खोडली. पट्टी मागून घेतली, कारण वाकडी रेघ मला बघवत नाही. तिथंच, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून, अर्धा-पाऊण तास. मध्ये एकदा त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, रेघ सुबक आहे तुमची. मला बरं वाटलं. हे लिहिताना कान तापतात, पण बरं वाटलं हे खरं आहे.

छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. मान ताठ करून घरी आलो होतो. त्याला आता पुरी एकवीस वर्षं झाली होती, आणि मी पट्टी धरून स्वतःच्या बापाचं, आजाचं, पणजाचं आडनाव खोडत होतो. शाई संपली तर दुसरं पेन आहे का, हेही विचारलं होतं.

मी मुळात गिरणी कामगार. रिंगखात्यात होतो, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर. धागा तुटला की जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. शेजारच्या साचेखात्यात कापड विणत, तिथं पगार जास्त. पण वडिलांच्या काळी तिथं आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यात धागा भरताना तो तोंडानं ओढावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्या पाळीच्या माणसाला चालत नसे. माझ्या काळी तसं उघड कोणी म्हणत नव्हतं. तरी मी रिंगखात्यातच राहिलो. तुटलेला धागा मला वीस हातांवरून दिसायचा. या डोळ्यांचा मला फार गर्व होता. पुढं त्या गर्वाचं काय झालं ते सांगतोच.

गिरणी सोडली ती दोन कारणांनी. एक, छातीत कापूस भरला होता. दोन, आमच्या खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, हिंगणा रोडला एक प्लॉट घेतला होता. दोन वर्षं त्यानं त्याच्यावर गवत उगवू दिलं. मग प्लॉट विकला आणि पोरीचं लग्न थाटात केलं. त्यानं तिथं एक वीटही ठेवली नव्हती. मी वीस वर्षं यंत्रापुढं उभा राहिलो, आणि त्याचं गवत माझ्यापेक्षा जास्त कमावून गेलं. हे काही केल्या डोक्यातून जाईना. हिंगण्याला सरकारी औद्योगिक वसाहत वाढत होती. कंपन्यांच्या गाड्या कामगारांना नेत होत्या, आणत होत्या. या लोकांना घरं लागणार, घरांना जागा लागणार. एवढा हिशेब माझ्यासारख्या मॅट्रिक नापासालाही येत होता.

बायकोला सांगितलं. शेवंता उमरेडकडची. लग्नाआधी दुसऱ्यांच्या शेतात निंदण-कापणी केलेली. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली,

"तुमाले लौकीतला आन् दोडक्यातला फरक समजत नाही जी. जमिनीतला का समजन?"

मी हसण्यावारी नेलं. गिरणीतून फंड मिळाला, तो बँकेत ठेवला आणि बापूसाहेबांच्या सदरच्या ऑफिसचा जिना चढलो.

आमचा सौदा असा ठरला. मी गिऱ्हाईक आणायचं. दलाली रोख घ्यायची नाही. त्याबदली लेआउटच्या पुढच्या रांगेतले, मोठ्या रस्त्याला लागलेले तीन कोपऱ्याचे प्लॉट माझे. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन रस्ते मिळतात, भाव नेहमी वर असतो. ते मी गवत उगवायला ठेवणार होतो. जॉबरनं एक ठेवला, मी तीन ठेवणार. बापूसाहेबांनी तसं एका साध्या कागदावर लिहून दिलं. तो कागद मी घरी पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि अधूनमधून उघडून बघायचो, आहे ना म्हणून.

कोणी म्हणेल, भोळा माणूस, फसला. तर तसं नाही. भोळा मी कधीच नव्हतो. संशय हा माझा जुना रोग. माझ्याशी कोणी गोड बोललं की मी आधी मागं वळून बघतो, तो दुसऱ्या कोणाशी तर बोलत नाही ना. लेआउटवरही मी डोळे मिटून गेलो नाही. तलाठ्याकडे दोन दिवस खेटे घालून सातबारा पाहिला. बापूसाहेबांच्या माणसानं टेपनं मोजलेले प्लॉट मी दोरीनं पुन्हा मोजले. खुंट्या मोजल्या. खुंट्या रोज थोड्या सरकलेल्या दिसायच्या. मला वाटलं, चौकीदार पैसे खाऊन शेजारच्या शेतकऱ्याला जागा चोरू देतो. आठ दिवस सकाळी सकाळी सायकल हाणत गेलो आणि एका पळसाच्या आड बसून पाळत ठेवली. चोर सापडला. चौकीदाराच्या दोन शेळ्या. तो त्या खुंट्यांना बांधायचा आणि त्या ओढायच्या.

मग कपाची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बापूसाहेब मला चहा द्यायचे. चिनी मातीच्या कपातून, बशीसकट, ज्या कपातून ते स्वतः प्यायचे तशाच. हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आमच्या बापानं हॉटेलबाहेरच्या खिळ्याला टांगलेला वेगळा कप पाहिला होता, स्वतः धुऊन परत टांगला होता. आणि हा सदरमधला, दाराला पितळी पाटी असलेला माणूस मला आपल्या कपातून चहा देतो? काहून? काहीतरी खूण असणार. एके दिवशी ते फोनवर बोलत असताना मी कप उचलून बूड पाहिलं. बुडाला लाल ठिपका होता. नखांना लावतात त्या रंगाचा, चांगला वाटाण्याएवढा.

सापडलं, मी मनात म्हटलं. छातीत अशी कळ आली आणि खरं सांगतो, आनंदही झाला. माझा रोग खरा ठरला होता. पण त्या नादात कप तिरपा झाला आणि सगळा चहा टेबलावर पसरलेल्या लेआउटच्या नकाशावर सांडला.

बापूसाहेबांनी फोन ठेवला. मी सदऱ्याच्या टोकानं नकाशा पुसत होतो. "कपात काय शोधताय?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ठिपका. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा ते खूप वेळ हसले. उठून कपाट उघडलं, सहाच्या सहा कप काढून उलटे मांडले. सगळ्यांना लाल ठिपका. खालच्या हॉटेलातूनही चहा यायचा, त्याचे कप आणि यांचे कप अदलाबदल होत, म्हणून बाईसाहेबांनी रंगवून दिले होते.

"तुम्ही लोक फार जपून वागता हो," ते म्हणाले. "माझ्यापाशी नका."

मी मेल्याहून मेलो. घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या देत होतो. चांगल्या माणसावर संशय घेतला. हाच आपला आजार, याच्यामुळंच आपण मागं राहतो, वगैरे वगैरे. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसावर पुन्हा संशय घ्यायचा नाही. आणि घेतला नाही. आता बघा. कपाचं बूड मी तपासलं. नकाशा तर हातानं पुसला, चांगला दोन-तीन वेळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वाचला नाही.

गिऱ्हाईक मी कुठून आणणार? माझी ओळख कोणाशी? गिरणीतल्या लोकांशी. इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीत तेवीस घरं तयार झाली. काही गिरणीतली, काही रेल्वेतली, एक पोस्टमन. पहिला तयार झाला दौलत. रिंगखात्यात माझ्या शेजारच्या मशीनवर तो चौदा वर्षं होता, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. गिरणीत शिरलो तेव्हा धागा जोडायला त्यानंच शिकवलं होतं. दौलत म्हणाला, घ्यायचं तर सगळ्यांनी एका ठिकाणी घ्यायचं. त्याच्या जावयानं दुसऱ्या वस्तीत खोली भाड्यानं घेतली होती आणि तिसऱ्या महिन्यात सामान रस्त्यावर आलं होतं. भिंतीवरच्या फोटोला हार घातलेला घरमालकिणीनं पाहिला, एवढंच कारण. एकटं राहायचं नाही, हे सगळ्यांनाच पटलं. आणि मधोमध विहारासाठी थोडी जागा मिळाली तर सोनंच.

हे मागणं मीच अर्ज लिहून बापूसाहेबांकडे नेलं. तेवीस प्लॉट एका ओळीत, आणि विहाराला मोकळी जागा. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "एकी आहे तुमच्यात. आमच्यात ही नाही बघा." आणि एकसष्टपासून त्र्याऐंशीपर्यंतची अख्खी ओळ देऊन टाकली. विहाराची जागा फुकट.

मी वस्तीत पेढे वाटले. आपली अख्खी लाईन, असं सांगत फिरलो. माझ्यासारखा माणूस वस्तीत झाला नाही, असं दोघा-तिघांनी म्हटलं आणि मी ते दोघा-तिघांकडून पुन्हा म्हणवून घेतलं. लोकांनी इसार दिला. सौदा पक्का म्हणून आधी द्यायचे पैसे, ते. कोणी गळ्यातलं मोडलं, कोणी गिरणीच्या पतपेढीतून उचल घेतली. सगळे माझ्या हातात देत होते. पावत्या मी माझ्या सुबक अक्षरात लिहीत होतो.

शेवंता एका रविवारी जागा बघायला आली. पुढची रांग तिनं बघितलीच नाही. सरळ आमच्या लाईनवर गेली, चप्पल काढली, आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मी मागून सांगत होतो, इथं दौलतचं घर येणार, इथं पोस्टमनचं. ती एका झुडपापाशी थांबली.

"हे का हाये?"

"बेशरम आहे. दिसत नाही?"

"मले दिसते. तुमाले दिसते का, ते इचारून राहिली. इतकं बेशरम कोरड्या जागी उगवते का जी?"

मी म्हटलं, नाला तर तिकडे आहे, किती लांब. ती म्हणाली, "नाला लांब नाही. पाणी सध्या लांब हाये." पुढच्या रांगेकडे तिनं हात केला. तिथं मुरमाचा उंचवटा होता, पांढरट, टणक. आणि आमच्या पायाखाली काळी, भेगा पडलेली माती. मी चिडलो. म्हटलं, तुझ्या अंगात संशय मुरलाय. आपल्या लोकांचा हाच आजार. चिनी मातीच्या कपातून शिकलेला धडा मी तिला शिकवला. तिनं चप्पल घातली आणि बस थांब्याकडे चालू लागली.

मग तो मास्तर आला.

दर रविवारी सदरच्या ऑफिसपासून टेम्पो निघायचा, गिऱ्हाइकांना जागा दाखवायला. त्या दिवशी बापूसाहेबांना ताप होता. म्हणाले, तुम्हीच दाखवून आणा. गिऱ्हाईक एकच होतं, एका शाळेतले मास्तर. स्वच्छ धोतर, हातात छत्री, बोलणं मऊ. मी माझं कार्ड दिलं. त्यांनी वाचलं, नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटी ती सुबक रेघ. आधी छापलेलं चुकीचं होतं म्हणून खोडलंय, मी म्हटलं. रेघ अशी दाट होती की खालचं वाचणं शक्यच नव्हतं. माझं काम पक्कं असतं. बोलण्यातही मी शहाणा झालो होतो. ऑफिसात बसून बसून पुण्याकडच्यासारखं बोलायला शिकलो होतो. मले-तुले घरी ठेवून यायचो.

मास्तरांना पुढच्या रांगेतला सात नंबर आवडला. मुरूम टाचेनं ठोकून बघितला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीच नव्हतं. तरी आवाज खाली आणला.

"तुम्ही आपल्यातलेच, म्हणून विचारतो. बापूसाहेब म्हणाले, ती मंडळी सगळी नाल्याकडे घातली आहेत, एका रांगेत. मधून भिंत येणार आहे. नक्की येणार ना?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. वाऱ्यानं काही उडून गेलं, असं नाही.

यावर मी काय बोललो असेन? मी हे कितीतरी वेळा रंगवून पाहिलंय. त्यांची छत्री हिसकावली, कानफटात मारली, नाव-आडनाव ओरडून सांगितलं. तसं काही झालं नाही. मी म्हणालो,

"हो. येणार."

"किती उंच?"

भिंत आहे हेच मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. तरी मी थांबलो नाही. विकणाऱ्यानं थांबायचं नसतं.

"सहा फूट," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली. सहा फूट त्यांना पुरेसे वाटले. तिथंच त्यांनी इसार दिला आणि मी पावती लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

परतताना टेम्पोत मास्तर मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होतो. सदरला त्यांना उतरवलं, ऑफिसची किल्ली माझ्याकडे होती, वर गेलो आणि नकाशा पसरला. चहाचा डाग होता तिथंच. आमच्या लाईनच्या आणि पुढच्या प्लॉटांच्या मधून दोन बारीक समांतर रेघा गेलेल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही न तुटता. रस्ते मात्र सगळे त्या रेघांपाशी येऊन थांबत होते. मी या रेघा शंभर वेळा पाहिल्या होत्या. मला ती गटार वाटली होती. लोकांनाही मी तसंच सांगितलं होतं, आपल्या लाईनला पक्की गटार येणार म्हणून. तुटलेला धागा वीस हातांवरून ओळखणारा माणूस मी. न तुटलेली रेघ मला नाकासमोर दिसली नाही.

घरी गेलो. शेवंताला सांगितलं. भिंतीचं सांगितलं, सहा फुटांचंही सांगितलं. तिनं मला एकच विचारलं, मास्तरची पावती परत घेऊन फाडून टाकली का. मी म्हटलं, नाही. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांचा ताप उतरला होता. मी विचारलं, भिंत कशाला? ते दचकले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून, मुलाला गणित समजावतात तसं मला समजावलं. एकत्र राहू द्या, असा अर्ज तुम्हीच दिला ना? माझ्या अक्षरातला अर्ज त्यांनी फाइलमधून काढून समोर ठेवला. विहाराला जागा मागितली, दिली. तुमच्या लोकांना तुमचे कार्यक्रम, भोंगे, मिरवणुका. पुढच्या रांगेतल्यांना त्यांची पूजाअर्चा. भिंत असली की दोघांनाही त्रास नाही. आणि गिऱ्हाइकाला रात्री झोप लागली पाहिजे, नाहीतर पुढची रांग विकली जाणार नाही, आणि ती नाही विकली तर तुमच्या लोकांना हा भाव मी कुठून देणार?

"आणि उंचीचं म्हणाल," ते म्हणाले, "माझ्या मनात चारच होती. पण मास्तरांचा सकाळी फोन आला. तुम्ही सहा सांगितलीत म्हणे. आता शब्द दिलाय, तर सहा करावी लागेल."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते मनापासून माझ्या शब्दाची लाज राखत होते. मला अजूनही सगळ्यात जास्त तेच बोचतं.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका. सगळ्या प्लॉटांच्या, एकाच डब्यात. मास्तरांची चिठ्ठी त्यातच, दौलतची चिठ्ठी त्यातच. ज्याला जे निघेल ते त्यानं घ्यावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहतात तसं. मग ड्रॉवर उघडला. तीन प्लॉटांची कागदपत्रं तयार होती. स्टॅम्पपेपरवर, टाइप केलेली, सहीची जागा रिकामी. माझे तीन कोपरे.

"तुम्ही का मनाला लावून घेता?" ते म्हणाले. "तुमचे तीनही पुढं आहेत. भिंतीच्या अलीकडे. तुम्ही त्यांच्यासारखे नाही आहात. तुम्ही वेगळे आहात."

पेन माझ्या हातात होतं. कधी घेतलं ते आठवत नाही. आणि मी लगेच ते फेकलं, असं लिहीन तर ते खोटं होईल. मी कागद वाचले. तीनही. चतुःसीमा बरोबर होत्या. पूर्वेला मोठा रस्ता, दक्षिणेला तीस फुटी रस्ता. माझ्या डोळ्यांपुढून गवत गेलं, हिरवंगार, कमरेएवढं. पोराची फी गेली, शेवंतासाठी पक्कं घर गेलं, पत्र्याऐवजी स्लॅब. एक सही. बाकी तेवीस घरांना भिंत उभी राहिल्यावर कळलंच असतं, आणि तेव्हा मीही त्यांच्यासोबत तोंड वासून उभा राहिलो असतो. मला तसं उभं राहता आलं असतं. एव्हाना माझा सराव झाला होता.

कशानं थांबलो, नक्की सांगता येत नाही. मोठा विचार काही आला नाही. वेगळे आहात, हा शब्द खटकला एवढंच. कारण तो मला आवडला होता. आपल्याला तो आवडला, हे कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

"मले नाही पाहिजे," मी म्हणालो. त्या ऑफिसात मी घरच्या बोलीत बोलल्याची ती पहिली वेळ. "चिठ्ठ्या टाकत असान तं टाका. नाही तं तेवीस लोकायचा इसार वापस करा. अन् तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाले सांगा, मी नाल्याकडचा हावो."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये परत ठेवले. ड्रॉवर बंद केला. शिपायाला बोलावून सांगितलं, यांच्याकडून किल्ली घे.

संध्याकाळी वस्तीतल्या विहारासमोर सगळ्यांना जमवलं. उभा राहून सगळं सांगितलं. काळी माती, नाला, भिंत. मास्तर. सहा फूट. ते गाळता आलं असतं, शेवंतानं गाळू दिलं नसतं. बायका मागं बसल्या होत्या, कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. मग दौलत उठला.

"आमी बापूसाहेबाले कधी पाह्यलंई नाही," तो म्हणाला. "इसार तुले पाहून देल्ला गा."

चौदा घरांनी इसार परत मागितला. तो मिळेपर्यंत मी रोज सदरच्या त्या जिन्याखाली उभा राहायचो, एकेकाला सोबत घेऊन. वर जायला मला बंदी होती. पैसे मिळाले, तुकड्या-तुकड्यानं मिळाले. नऊ घरं थांबली. त्यांचं म्हणणं, दुसरीकडे एवढ्या भावात कोण देतो, आणि दिलंच तरी तिथं भिंत नसेल कशावरून. दौलत त्या नऊ जणांत. त्याला मी दोनदा सांगायला गेलो. दुसऱ्यांदा त्यानं दारातच हात आडवा धरला. तो म्हणाला, मी नाल्यात राहीन, आपल्या लोकांत राहीन, पण तुझ्या दारात पाय ठेवणार नाही आणि तू माझ्या ठेवू नको. भिंत उभी राहिली. मी पाहून आलो. सहा फूट आहे, दोरीनं मोजली.

वस्तीत आता माझ्यावर संशय घेतात. मी भिंतीचा ठेका घेतला होता म्हणतात. कोणी म्हणतं, तीन प्लॉट बायकोच्या भावाच्या नावावर आहेत. मीसुद्धा माझ्यावर हाच संशय घेतला असता.

बापूसाहेबांनी बाकी लेआउटवाल्यांना माझ्याबद्दल कळवलं. हिंगण्याच्या एका कंपनीत चौकीदाराची जागा होती, मेव्हण्यानं शब्द टाकला होता. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. शेवंता म्हणाली,

"आता कायले सोडता जी? इतकं गमावून जमीन वाचाले शिकले. आता सोडसान तं फुकट जाईन."

मी गेलो नाही. लोकांना वाटतं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून तरी हा धंदा सोडेल. मी सोडत नाही. अजून हिंगणा रोडला सायकलनं जातो. अनवाणी चालून जमीन बघतो, लोक हसतात. नकाशा कोणाचाही असो, आधी रस्ते कुठं थांबतात ते बघतो. कोणी गोड बोललं की दुप्पट बघतो. हा रोग मला आता बरा करायचा नाही.

त्या लेआउटच्या पुढच्या रांगेत एकोणीस प्लॉट आहेत. घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना तिथं राहायचंच नव्हतं. त्यांनाही जॉबरसारखं गवत उगवायचं होतं. भाव चढला की ते विकणार, आणि विकताना घेणाऱ्याच्या पैशांपलीकडे ते काही बघत नाहीत. गेल्या हिवाळ्यात बारा नंबर विकायला निघाला. फंडाचे पैसे अजून बँकेत होते, मी घेतला. तो मी चढ्या भावानं विकणार नाही. नाल्याकडच्या नऊ घरांपैकी ज्याला हवा त्याला, मला पडला त्याच भावानं. तिघांना विचारलं. तिघांनी नाही म्हटलं, माझ्या हातून काही नको म्हणाले. चौथ्याला विचारीन. दौलत दारात उभं करत नाही, त्याच्या पोराला विचारीन. प्लॉट पडून राहिला तर पडून राहू दे.

भिंत पाडायला मी जाणार नाही. पाडली तर ते आठ दिवसांत पुन्हा बांधतील आणि पोलीस मला नेतील. मला तिच्या अलीकडची जमीन पाहिजे, एकेक करून, कायद्यानं, सहीशिक्क्यानं. ज्या दिवशी भिंतीच्या दोन्ही अंगांना आमचीच माणसं राहतील, त्या दिवशी ती कोणासाठी उभी आहे ते बापूसाहेबांनी येऊन सांगावं. सात नंबर अजून मास्तरांकडेच आहे. त्यांची पुढच्या वर्षी बदली होणार असं ऐकतो. मी पैसे जमवून राहिलो आहे.